मपलं पात्र, तुपलं पात्र

त्या रात्री मी पाण्याची वाट पाहत ओट्यावर बसलो होतो. जालन्यात नळाला कोणत्या दिवशी पाणी येणार हे गल्लीला साधारण माहीत असतं, किती वाजता येणार हे कुणालाच नाही. म्हणून प्रत्येक घरातलं कुणीतरी जागं राहतं. दीडच्या सुमारास भाची बाहेर आली. डोळे लाल, हातात मोबाईल.

“मामा, तिचा हात तोडला त्यानं. मला न विचारता.”

मी ताडकन उठलो. कुणाचा हात, कुणी तोडला, पोलिसांत जायचं का, असं काहीबाही विचारलं. ती माझ्या शेजारी बसली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. त्यावर चित्र नव्हतं, आवाज नव्हता. नुसती अक्षरं होती, एकाखाली एक, नाटकाच्या वहीसारखी. खेळ इंग्रजीत चालत होता. तिनं मला मराठीत करून सांगितलं.

तिचं पात्र म्हणजे मृगा नावाची एक वैदू बाई. गावोगाव हिंडून जखमा बांधते. चार महिने भाची रोज रात्री तासभर मृगा लिहीत होती. समोरचा खेळाडू एका शिपायाचं पात्र लिहीत होता. कुठल्या देशातला आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं कधी विचारलंही नव्हतं. त्या रात्री त्यानं लिहिलं होतं : शिपायानं तलवार चालवली आणि मृगाचा उजवा हात मनगटापासून वेगळा झाला.

“यात चूक काय? लढाई आहे ना?” मी म्हणालो.

“त्यानं ‘तलवार उगारली’ एवढंच लिहायचं आणि थांबायचं,” ती म्हणाली. “लागली का हुकली, किती लागली, ते मी लिहिणार. मृगा मपली आहे, मामा.”

भाची शहरात शिकते, तोलून-मापून बोलते. राग आला की मात्र तिच्या तोंडात आईची बोली येते. मपलं, तुपलं, म्हणजे माझं, तुझं. आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या घरात हे शब्द रोजचे होते. कितीतरी वर्षांनी मी ते त्या रात्री ऐकले, आणि तेही एका परक्या भाषेतल्या खेळाचा नियम सांगताना.

नंतर पाणी आलं. मोटर लावली, टाकी भरली. पण माझ्या मनात ‘उगारली’ आणि ‘चालवली’ हे दोन शब्द एकमेकांशेजारी येऊन बसले, ते हलेनात.

मी दस्तलेखक आहे. तीस वर्षं झाली, कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे दस्त लिहितो. आधी टाइपरायटर होता, आता संगणक आहे. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र. मी जे लिहितो ते सगळं दुसऱ्याच्या तोंडचं असतं. एक असतो ‘लिहून देणार’, दुसरा ‘लिहून घेणार’. मी टाइप करतो, ‘मी माझी मिळकत विकत आहे,’ पण तो ‘मी’ म्हणजे मी नव्हे. समोर बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला तो म्हातारा. सोंग न घेता दिवसभर दुसऱ्याच्या ‘मी’मध्ये राहायचं, हे माझं पोट आहे. त्यामुळे भाचीच्या खेळाचे शब्द मला परके वाटले नाहीत. जुन्या डायरीची मागची पानं उलटून मी ते लिहून घ्यायला लागलो. ती सांगायची, मी लिहायचो.

पहिल्याच पानावर दोन शब्द आहेत : आयसी आणि ओओसी. पात्रात असताना बोललेलं ते आयसी, पात्राबाहेर येऊन बोललेलं ते ओओसी. पात्राबाहेरचं वाक्य दुहेरी कंसात लिहायची रीत आहे. म्हणजे शिपाई मृगाला शिव्या देतो, धमकावतो आणि त्याच्याच खाली दोन-दोन कंसांत येतं : आई जेवायला बोलावतेय, दहा मिनिटांत येतो. शिव्या देणारा शिपाई वेगळा, जेवायला जाणारा पोरगा वेगळा. कंस पाहिला की समोरच्यानं ओळखायचं, आता हा माणूस बोलतोय.

हे वाचलं आणि मला वडील आठवले. ते भारुडात सोंग घ्यायचे. पैठण आमच्याकडून फार लांब नाही, आणि नाथांची भारुडं आमच्या भागात पुस्तकातून येत नाहीत, माणसांच्या अंगावरून येतात. वडील आईचं लुगडं नेसायचे, कपाळभर कुंकू लावायचे आणि विंचू चावलेली बाई होऊन असे तळमळायचे की पुढे बसलेल्या बायका खरंच चुकचुकायच्या. मधेच गॅसबत्ती फुरफुरली किंवा पेटीवाल्याचा सूर चुकला, तर वडील डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायचे आणि त्यांच्या रोजच्या जाड आवाजात म्हणायचे, “पंप मार रे जरा.” पदर परत डोक्यावर गेला की बाई परत तळमळायला लागायची. कुणी हसत नसे. सगळ्या गावाला ठाऊक होतं : पदर डोक्यावर म्हणजे सोंग, खांद्यावर म्हणजे माणूस. वडिलांचा पदर आणि भाचीचे दुहेरी कंस, दोन्ही एकाच कामाचे.

आम्हा पोरांकडेही असा एक कंस होता. डबा ऐसपैस खेळताना पायात काटा मोडला की मूठ ओठांवर टेकवून ‘टँप्लीज’ ओरडायचं. त्या शब्दाचं मूळ ‘टाइम प्लीज’ आहे हे मला खूप उशिरा कळलं. टँप्लीज म्हटलेल्याला कुणी बाद करत नसे. अगदी लहान भावंडाला खेळात घ्यावंच लागलं, तर तो ‘कच्चा लिंबू’. धावायचा, लपायचा, पण त्याच्यावर राज्य येत नसे. भाचीच्या खेळात एनपीसी असतात, म्हणजे कुणाच्याच मालकीची नसलेली पात्रं : सरायवाला, पहारेकरी, बाजारातली गर्दी. त्यांना कुणीही दोन वाक्यं देऊ शकतो. मी म्हणालो, हा तर कच्चा लिंबू. ती म्हणाली, “नाही मामा, कच्चा लिंबू म्हणजे खरं पोर असतं. एनपीसीच्या आत कुणीच नसतं.” तिचं बरोबर होतं. मी डायरीत ती ओळ खोडली.

शब्दांचा हा कारखाना तसा जुना आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा खेळ आला. त्यात एक जण सूत्रधार, बाकीचे आपापली पात्रं सांभाळणार. १९७८ साली इंग्लंडमधल्या इसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं संगणकावर असाच खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढे नेला. नाव ‘मड’, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचं भुयार. पडद्यावर फक्त अक्षरं. ‘उत्तरेला जा’ लिहिलं की उत्तरेकडच्या खोलीचं वर्णन उमटायचं, आणि त्या खोलीत दुसरं कुणी असलं तर तेही अक्षरांतच भेटायचं. पुढे अशा काही ठिकाणी लोक राक्षस मारायचे थांबले आणि नुसते पात्र होऊन बोलत राहिले. त्यातून हा खेळ वाढला. १९८६च्या सुमारास लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळात पडद्यावरच्या आपल्या प्रतिमेला नाव दिलं गेलं ‘अवतार’. आपला शब्द आपल्याकडून गेला आणि ‘ॲव्हटार’ होऊन परत आला. आपली पोरं तो इंग्रजी समजून वापरतात, याचं मला वाईट वाटतं. देव जसा मासा किंवा वराह होऊन खाली उतरतो, तसा खेळणारा अक्षरांत उतरतो. उतरणं या क्रियेतच तो शब्द जन्मला आहे.

काही शब्दांवर आम्ही भराभर गेलो. ‘लर्क’ करणारा म्हणजे न लिहिता नुसतं वाचणारा. ‘मेरी सू’ म्हणजे सगळ्या गुणांची पुतळी, जिच्यापुढे बाकीची पात्रं फिकी पडतात. हे नाव १९७३ साली पॉला स्मिथ या बाईंनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांसाठी लिहिलेल्या एका विडंबनातून आलं. ‘रेटकॉन’ म्हणजे आधी घडलेलं मागे जाऊन बदलणं. ‘फेड टू ब्लॅक’ म्हणजे प्रसंग नाजूक झाला की दोघांनी ठरवून अंधार करायचा आणि सकाळपासून पुढे लिहायचं. हा शब्द तिनं मला न अडखळता सांगितला. पोरगी रात्री अनोळखी लोकांशी काय बोलते ही माझ्या पोटातली भीती त्याच क्षणी निम्मी उतरली. खरं नाव, गाव, फोटो द्यायचा नाही हा नियमही तिनं मला सांगितला. तिची समज माझ्या भीतीपेक्षा पुढची होती.

‘मेटागेमिंग’वर मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. खेळणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक असल्यासारखं वागवणं, म्हणजे मेटागेमिंग. मृगानं विषाची पुडी पदरात बांधली हे शिपाई लिहिणाऱ्यानं वाचलेलं असतं, पण शिपायानं पाहिलेलं नसतं. तेव्हा शिपायानं पदराकडे बघायचं नाही. किती अवघड शिस्त आहे ही! माहीत असून माहीत नसल्यासारखं लिहायचं. आणि ‘ब्लीड’. पात्राचं दुःख खेळणाऱ्यात झिरपतं, खेळणाऱ्याचा राग पात्रात. आम्ही म्हणायचो, सोंग अंगात भिनलं. भारूड संपल्यावर वडील तोंड धुऊन, लुगडं घडी करून आईच्या हातात देईपर्यंत कुणाशी बोलत नसत. त्या घडी घालण्यात किती शहाणपण होतं, ते मला या एका शब्दानं दाखवलं.

आणि मग तो रात्रीचा शब्द. पॉवरप्ले. त्याचाच थोरला भाऊ गॉडमॉडिंग. आपल्या पात्राला मार लागत नाही, ते सगळ्यांना पुरून उरतं, देवासारखं वागतं, तर ते गॉडमॉडिंग. दुसऱ्याच्या पात्रानं काय केलं, काय भोगलं, ते आपणच लिहून टाकणं हा पॉवरप्ले. या खेळात याहून मोठा गुन्हा नाही. असं का, ते भाचीनं मला एका जुन्या घटनेतून सांगितलं. पाव्हेल कर्टिस या संशोधकानं १९९० साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ‘लँब्डामू’ नावाचं अक्षरांचं घर उभं केलं होतं. कुणीही यावं, पात्र घ्यावं, खोलीत बसून बोलावं. तिथं ‘मिस्टर बंगल’ नाव घेतलेल्या एकानं ‘वूडू डॉल’ हा प्रोग्राम वापरला. त्याच्या जोरावर तो दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावे वाक्यं उमटवू लागला, त्यांनी जणू स्वतःच केलेल्या घाणेरड्या कृत्यांची वाक्यं. भरल्या खोलीत, सगळ्यांसमोर. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं १९९३ साली त्यावर ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये लेख लिहिला. त्यात एक बाई सांगते की, घडल्या प्रकाराबद्दल लिहिताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कुणी तिच्या अंगाला हात लावला नव्हता. फक्त तिच्या नावापुढे तिनं न केलेली क्रियापदं लिहिली गेली होती. तिथल्या लोकांनी एकत्र बसून चर्चा केली आणि शेवटी एका व्यवस्थापकानं बंगलला ‘टोड’ केलं. टोड म्हणजे बेडूक करून टाकणं, पात्र कायमचं पुसणं.

नावापुढचं क्रियापद. दस्त लिहिणाऱ्या माणसानं हे शब्द ऐकले की त्याची झोप उडायलाच हवी.

मला आधी आठवली ती घराजवळची एक गोष्ट. आमच्या गावाहून जांब समर्थ जवळ. १६०८ साली तिथं जन्मलेल्या नारायणाची गोष्ट आम्हाला शाळेत जायच्या आधी कळते. घरच्यांनी लग्न ठरवलं, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. बारा वर्षांचा नारायण नवरदेवाचं सोंग घेऊन उभा होता. ते पात्र त्याच्यासाठी मोठ्यांनी लिहिलं होतं. भटजी ‘सावधान’ म्हणाले आणि तो सावध झाला, म्हणजे पात्राबाहेर आला आणि निघून गेला. पुढचा रामदास सगळ्यांना माहीत आहे. मी ती गोष्ट आता वेगळ्या कानानं ऐकतो. अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. तिच्या नावापुढचं क्रियापद तिला कुणी विचारलं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि अशी क्रियापदं मीही लिहिली आहेत. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. माझ्या टेबलावर त्यानंतर हक्कसोडपत्रांची रीघ लागली. भाऊ जीप करून बहिणीला घेऊन यायचे. तिला बाकावर बसवायचे, उसाचा रस पाजायचे. मी टाइप करायचो : लिहून देणार अमुक, मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणत्याही दडपणाशिवाय माझा हक्क व हिस्सा भावाचे लाभात कायमचा सोडून देत आहे. शेवटी वाचून दाखवायचो. बाई मान हलवायची. किती लिहिले असतील? मी मोजले नाहीत. ‘राजीखुशीने’ हा शब्द माझ्या बोटांना इतका सरावाचा झाला होता की तो लिहिताना मी समोर बघतही नसे.

त्यातलं एक हक्कसोडपत्र माझ्या बहिणीचं आहे, म्हणजे भाचीच्या आईचं. लिहून घेणार मी. वडील गेल्यावर गावाकडची पाच एकर राहिली, त्यात मोसंबीची बाग. बहीण आली, माझ्याच टेबलासमोर माझ्याच बाकावर बसली. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “दादा, मपलं-तुपलं काय करायचं आता? लिही.” आणि सही केली. या एका वाक्याच्या बळावर मी इतकी वर्षं निर्धास्त होतो. बहीण किती मोठ्या मनाची, हे चार लोकांत सांगतही होतो.

भाचीला मी हे सगळं सांगितलं, कारण डायरीत पॉवरप्लेचा अर्थ लिहिताना माझा हात थांबला होता. ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई तेव्हा आयसी बोलली असेल, मामा. बहीण होऊन. तुम्ही तिला ओओसी विचारलंच नाही.”

मी पुढच्या रविवारी बहिणीकडे गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्या समोर बसलो आणि विचारलं, “त्या दिवशी तुला खरंच सोडायचा होता का हिस्सा?” ती शेंगा सोलत राहिली. दाणे ताटात पडत होते, टरफलं मांडीवर. बऱ्याच वेळानं म्हणाली, “कामून विचारू लागला आता? तवा विचारायचं होतं.” तिनं पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला, त्याच पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “नव्हता सोडायचा.”

मृगाचा हात परत आला. भाचीनं दुहेरी कंसात त्या मुलाला लिहिलं की हे मी मान्य केलेलं नाही. त्यानं माफी मागितली आणि तो प्रसंग मागे जाऊन बदलला. आता तिथं लिहिलेलं आहे, शिपायानं तलवार उगारली. त्याखाली भाचीचं वाक्य आहे : मृगा बाजूला सरली, पण करंगळी गेली. करंगळी तिनं स्वतः दिली. मी विचारलं, का? म्हणाली, “लढाई आहे, काहीतरी लागायला पाहिजे ना. पण ते मी ठरवलं.”

आता माझ्या टेबलावर हक्कसोडपत्राचं काम आलं की मी भावांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवतो आणि बहिणीला एकटीला विचारतो. बहुतेक जणी ‘सोडायचा आहे’ म्हणतात, आणि मी लिहितो. दोघी जणी न लिहिता परत गेल्या. त्यांचे भाऊ माझ्याकडे पुन्हा येणार नाहीत, हे मला माहीत आहे.

गेल्या अक्षय्य तृतीयेनंतर मी आणखी एक दस्त टाइप केला. बक्षीसपत्र. क्षेत्र अडीच एकर, बागेची विहिरीकडची बाजू. वाचून दाखवला तेव्हा बहीण बाकावर होती आणि भाची तिच्या शेजारी. लिहून घेणार बहीण. लिहून देणार मी.